जुनी सबमरीनर घ्यावी की नवी?

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "चाळिशीनिमित्त स्वतःसाठी एक चांगलं घड्याळ घ्यायचंय. बारा लाखांपर्यंत जमवलेत. ओळखीचे एक व्यापारी साधारण त्याच भावात सत्तरच्या दशकातली रोलेक्स सबमरीनर, मॉडेल ५५१३, देतो म्हणतात. त्यांचं म्हणणं, जुनी चढतच जाते आणि नवी दुकानाबाहेर पडली की उतरते. हे खरं आहे का? जाणकार लोक जुन्या-नव्याची किंमत नेमकी कशी करतात? सोबत फोटो पाठवतोय. घड्याळ रोज घालणार आहे."

फोटोंकडे शेवटी येतो, कारण ते कसे बघायचे हे आधी सांगितल्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला पटणार नाही. आणि एक गोष्ट धरून चला: मी घड्याळजीच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून हा धंदा शिकलो. दुरुस्ती आधी, खरेदी-विक्री खूप नंतर. त्यामुळे माझं मत मशीनच्या बाजूने थोडं झुकलेलं असतं.

व्यापाऱ्यांचं वाक्य दोन्हीकडून अर्धं खरं आहे. नवं महागडं घड्याळ दुकानाबाहेर पडलं की उतरतं, हे बहुतेक ब्रँडच्या बहुतेक मॉडेलांना लागू आहे. विशेषतः सोन्याची, पातळ, कातडी पट्ट्याची देखणी घड्याळं अशी पडतात की विकायला निघालेला माणूस गप्पच होतो. पण नेमकी सबमरीनर, रोलेक्सचं हे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, त्या यादीत बसत नाही. तिला गिऱ्हाईक तयार असतं. उलट 'जुनी चढतेच' हेही सरसकट खरं नाही. पन्नास-साठ सालातली स्विस घड्याळं चोरबाजारात आजही ढिगाने मिळतात, आणि त्यातली बहुतेक काल होती त्याच भावात आज आहेत.

नव्या घड्याळाला दोन किमती असतात, एक कंपनीच्या यादीतली आणि एक बाजारातली. या दोहोंमधलं अंतर म्हणजे रांगेची लांबी. कंपनी जेवढी बनवते त्याहून जास्त लोक मागत असतील तर बाजारभाव वर, नाहीतर खाली. घड्याळ किती चांगलं बनलंय याचा त्यात भाग असतो, पण लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी.

पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या नॉटिलस ५७११ चं उदाहरण घ्या. स्टीलचं, तीन काटे आणि तारीख एवढंच काम करणारं घड्याळ. २००६ मध्ये आलं. २०२१ च्या सुरुवातीला निळ्या डायलचं ५७११ बंद होणार हे जाहीर झालं, आणि यादीत साधारण ३५ हजार डॉलरचं असलेलं घड्याळ बाजारात एक लाख डॉलरच्या कितीतरी वर गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यांच्या ओळखीच्या निळसर रंगाची डायल असलेली फक्त १७० नगांची शेवटची आवृत्ती निघाली. त्यातलं पहिलं डिसेंबर २०२१ मध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेच्या न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं. यादीतली किंमत होती ५२ हजारांच्या आसपास. आत मशीन तेच, काम तेच. २०२२ चा उन्हाळा आला आणि हवा निघायला लागली. शिखरावर घेतलेल्यांपैकी काहींचे मला फोन आले होते. "दादा, आता काय करू?" काय करणार, घाला म्हटलं.

म्हणून नव्याचा विचार करताना माझा एकच प्रश्न असतो: यादीच्या किमतीला मिळतंय का? मिळत असेल तर जोखीम थोडी. रांग चुकवायला वर पैसे मोजत असाल, तर तुम्ही घड्याळाबरोबर रांगेतली जागाही विकत घेताय, आणि ती जागा उद्या कुणाला नको असू शकते.

जुन्या घड्याळाला यादी नाही आणि रांगही नाही. ५५१३ हे मॉडेल १९६२ ते १९८९ एवढा काळ बनत होतं, त्याला दुर्मीळ म्हणणं धाडसाचं होईल. तरीही एकाच वर्षातल्या दोन ५५१३ मध्ये एकीचा भाव दुसरीच्या दुप्पट असतो. फरक एवढाच, की पन्नास वर्षांत त्यांना कुणी किती हात लावला.

जुनं घड्याळ बघताना नजर पहिली डायलवर जाते, आणि धंद्यातले लोक सहज म्हणतात की अर्ध्याहून जास्त पैसे तिचेच. ५५१३ च्या सुरुवातीच्या डायल चकचकीत काळ्या, त्यावरची अक्षरं सोनेरी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या निस्तेज काळ्या आणि पांढऱ्या अक्षरांच्या झाल्या. आधी पाण्याच्या खोलीचे आकडे मीटर पहिलं आणि फूट नंतर असे, मग उलटे. ऐंशीच्या मध्याला पुन्हा चकचकीत डायल आली आणि तासांच्या खुणांभोवती पांढऱ्या सोन्याच्या कडा लागल्या. तुम्हाला हे सगळं वेड्यासारखं वाटेल, पण भाव या तपशिलांवरच ठरतात. तारीखवाल्या १६८० मॉडेलमध्ये तर 'सबमरीनर' ही एक ओळ लाल शाईत छापलेली असली की तिला वेगळा, चांगलाच चढा दर मिळतो. पोहताना त्या लाल शाईचा काय उपयोग, असं विचारू नका.

डायलवर अंधारात चमकणारा जो पदार्थ असतो तो म्हणजे घड्याळाचा जन्मदाखला. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम, मग ट्रिटियम, आणि १९९८ च्या सुमारापासून ल्युमिनोवा, ज्यात किरणोत्सर्ग नाही. ट्रिटियमची ताकद साधारण १२.३ वर्षांत निम्मी होते. पन्नास वर्षांत चार वेळा निम्मी, म्हणजे सोळावा भाग उरतो, आणि तो ज्या रसायनाला चमकवायचा तेही थकलेलं असतं. म्हणून १९७५ च्या अस्सल डायलच्या खुणा रात्री दिसत नाहीत. अतिनील दिव्याखाली कधी क्षणभर उजळतात आणि दिवा काढला की लगेच विझतात. एखादा विक्रेता कौतुकाने म्हणाला, "बघा साहेब, इतकं जुनं असून रात्रभर चमकतं," तर तिथून उठा. रेडियम मात्र वेगळं. ते चमकत नसलं तरी त्याचा किरणोत्सर्ग आपल्या हयातीत कमी होणार नाही, तेव्हा रेडियमचं घड्याळ हौसेने घरी उघडून खरवडू नका.

ट्रिटियमच्या खुणा वयाबरोबर साईसारख्या, कधी मधासारख्या पिवळ्या होतात. डायलवरच्या खुणा आणि काट्यांवरचा रंग सारख्या छटेचा असायला हवा, कारण दोघांनी एकाच केसमध्ये (घड्याळाच्या धातूच्या कवचात), एकाच उजेडात वय काढलेलं असतं. काटे पांढरे आणि डायल पिवळी, किंवा उलट, म्हणजे एक कुणीतरी मध्येच आलेलं आहे.

डायलनंतर केस. इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण हे पाप मी स्वतः केलंय. नव्वदच्या सुरुवातीला दुकानात आलेलं प्रत्येक घड्याळ मी सर्व्हिस झाली की बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरायचो. गिऱ्हाईक खूश व्हायचं, "नव्यासारखं झालं हो!" म्हणायचं. एका निवृत्त मामलेदारांचं साठ सालातलं ओमेगा कॉन्स्टेलेशन होतं. पट्टा अडकतो त्या चारही लगांना स्वित्झर्लंडमधल्या कुणीतरी धारदार कोन काढलेले होते. मी ते दहा मिनिटांत साबणाच्या वडीसारखे गोल करून दिले आणि वर पॉलिशचे पन्नास रुपये घेतले. आज ते घड्याळ समोर आलं तर मीच त्याला 'ओव्हरपॉलिश' म्हणून भाव पाडून मागेन. धातू परत येत नाही. ओरखडे, पडल्याचा एखादा खड्डा, हे सगळं चालतं. बफ चालत नाही.

आपल्याकडे हा घोळ जास्त का झाला, त्यालाही कारण आहे. घड्याळ ही वापरायची वस्तू होती, आणि वापरायची वस्तू नीटनेटकी ठेवणं हाच तिचा मान. दिवाळीला घराला रंग, तसा डागाळलेल्या डायलला रंग. मुंबईत डायल रंगवून देणारे कारागीर होते, आजही आहेत. हात कसबी, पण छाप मूळची नाही. अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या, आणि रंग असे की तो कारखाना बघून चक्रावेल. जांभळी सेको, भगवी फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड वॉच कंपनीच्या सोवार प्रिमावर घोडेस्वाराचं भलतंच चित्र. परदेशातल्या संग्राहकांनी याला नावच ठेवलंय, 'मुंबई स्पेशल'. आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. इंटरनेटवर भारतातून विकलं जाणारं जुनं घड्याळ दिसलं की अनेक परदेशी लोक पुढे बघतही नाहीत, इतकी ही ख्याती पसरली. वाईट याचं वाटतं की वेस्ट एंड हे मुंबईशी १८८६ पासून जोडलेलं नाव, आणि फाव्र-ल्युबाचा भारताशी संबंध १८६५ पासूनचा. न रंगवलेली सोवार प्रिमा, थोडी काळवंडलेली, कडेला बुरशीचा ठिपका असलेली, हातात आली की मला आजही आनंद होतो. अशी महिन्याला एखादी दिसली तर नशीब.

कंपन्याही निर्दोष नाहीत. माझ्या एका गिऱ्हाइकाने वडिलांचं पाणबुड्यांचं घड्याळ एका मोठ्या ब्रँडच्या अधिकृत सेवा केंद्रात दिलं. परत आलं ते नव्या डायलसह, नव्या काट्यांसह आणि नव्या बेझेलसह (काचेभोवतीच्या कड्यासह). मशीन घड्याळजीला नमस्कार करावासा वाटेल इतकं सुंदर लावलेलं, पाण्याची चाचणी झालेली, दोन वर्षांची हमी. आणि संग्राहकाच्या लेखी किंमत एका दमात खाली. सेवा केंद्राचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं: अंधारात न दिसणारं घड्याळ आम्ही दुरुस्त म्हणून देऊ शकत नाही. जुने भाग परत द्या असं लिहून घेतलं होतं का? नव्हतं. तुम्ही कधी दिलंत तर अर्जावर ठळक लिहा: डायल आणि काटे बदलायचे नाहीत, केस पॉलिश करायची नाही.

आता यातली गंमत बघा. हात न लागलेलं हवं, हे ठीक. पण वेळेने बिघडवलेलं तर संग्राहकांना जास्तच हवं. काळी डायल उन्हाने तपकिरी झाली की तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि ज्यादा पैसे देतात. बेझेलच्या ॲल्युमिनियमच्या चकतीचा रंग उडून ती राखाडी झाली की ती 'घोस्ट'. नव्वदच्या मध्यातल्या काही रोलेक्स डेटोना घड्याळांत, १६५२० मॉडेलच्या, छोट्या डायलच्या कडेची चंदेरी वर्तुळं वरच्या लाखेचं संरक्षण कमी पडल्याने तपकिरी झाली. कारखान्याच्या दृष्टीने दोष. लिलाववाले ओस्वाल्दो पात्रित्सी यांच्या नावाने ती 'पात्रित्सी डायल' म्हणून प्रसिद्ध झाली आणि भाव वर गेला. ऐंशीच्या दशकातल्या चकचकीत डायलच्या वरच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात, तिलाही चाहते आहेत. माझं स्पष्ट मत, ती चिरलेली डायल आहे आणि तिला चिरलेली डायल म्हणूनच पैसे द्यावेत. पण बाजार माझं ऐकत नाही.

आपल्या हवेत हे वय देखणेपणाने येत नाही. ट्रॉपिकल डायलला उन्ह लागतं. आपल्याकडे ऊन आहे, पण चार महिने पाऊसही आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेल्या घड्याळांच्या डायलवर तपकिरी छटा क्वचित, हिरवट बुरशी आणि फुगलेली लाख मात्र नेहमी. त्याला कुणी इंग्रजी नाव देऊन भाव चढवलेला नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची कथा. हॉलिवूडचे नट पॉल न्यूमन यांची स्वतःची डेटोना, मॉडेल ६२३९, पत्नीने दिलेली, मागे 'ड्राइव्ह केअरफुली मी' असं कोरलेली, ऑक्टोबर २०१७ मध्ये फिलिप्सने न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरला विकली. त्या प्रकारची रंगीत डायल साठ-सत्तरच्या दशकात दुकानांत पडून राहायची, लोकांना ती भडक वाटायची. नको असलेली वस्तू कमी बनते आणि कमी बनलेली वस्तू पुढे दुर्मीळ होते. आजच्या दुकानात जे कुणी घेत नाही ते उद्या महाग होईल, असा उलटा नियम मात्र काढू नका; कुणी न घेतलेल्या शंभरांतलं एखादंच पॉल न्यूमन होतं.

व्हिएतनामचे शेवटचे सम्राट बाओ दाई यांची रोलेक्स ६०६२ याहून चांगलं उदाहरण आहे, कारण ती दोनदा विकली गेली. २००२ मध्ये ३ लाख ७० हजार स्विस फ्रँकला, मे २०१७ मध्ये ५० लाखांहून जास्त फ्रँकला. सम्राट दोन्ही वेळी तेच होते आणि घड्याळही तेच होतं. मधल्या पंधरा वर्षांत बदलला तो खरेदीदार: लिलावांचे कॅटलॉग पुस्तकांसारखे जाडजूड झाले, इंटरनेटवर फोटो ताडून बघता येऊ लागले, आणि जगभरच्या पैशाला कळलं की अशी वस्तू एकच आहे. जुन्याचा भाव चढला तो असा, माहितीबरोबर. वयाबरोबर आपोआप नव्हे. तुमच्या आजोबांच्या एचएमटी जनताची कथा तुम्हाला कितीही मोलाची असली, तरी बाजाराला आजोबा ओळखीचे नाहीत.

आणि जिथे कथा एवढी किंमत आणते तिथे कथा बनवणारेही येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात १९५७ ची एक ओमेगा स्पीडमास्टर, तपकिरी झालेल्या डायलची, ३१ लाख फ्रँकला गेली. विकत घेतली ती ओमेगाच्याच संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये ओमेगाने जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळे भाग जमवून उभं केलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्या कंपनीने घड्याळ बनवलं, जिच्याकडे कागदपत्रं आहेत, तिची ही गत. मग ओळखीच्या व्यापाऱ्यांवर तुम्ही आणि मी किती भिस्त ठेवायची, ते तुम्हीच ठरवा.

जुनं आणि नवं यांच्यामध्ये एक मोठा पट्टा आहे, आणि माझ्या मते सध्या तिथेच शहाणपणाची खरेदी होते. साधारण १९८५ ते २००५ च्या आसपासचा काळ; संग्राहक त्याला 'निओ-व्हिंटेज' म्हणतात. हा पट्टा कसा तोलला जातो ते पाटेकच्या एकाच कुळात दिसतं. कायमस्वरूपी पंचांग (तारीख-महिना आपोआप बरोबर दाखवणारं) आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) एकत्र असलेली त्यांची मालिका १९४१ मध्ये १५१८ पासून सुरू झाली. एकूण २८१ बनली. बहुतेक सोन्याची, स्टीलची फक्त चार माहीत आहेत, आणि म्हणून २०१६ मध्ये स्टीलचं एक १ कोटी १० लाख फ्रँकला गेलं. इथे स्टीलने सोन्याला मागे टाकलं. मग २४९९ आलं, तीन दशकांहून अधिक काळात जेमतेम साडेतीनशे नग. मग १९८६ मध्ये ३९७०, २००४ मध्ये ५९७०, आणि २०११ पासून ५२७०.

नियम 'जितकं जुनं तितकं महाग' असता तर काहीच सांगायचं नव्हतं. 'जितकं नवं तितकं सुधारलेलं, म्हणून महाग' असंही नाही. ५२७० मध्ये पाटेकने या मालिकेत पहिल्यांदा संपूर्ण स्वतःचं क्रोनोग्राफ मशीन घातलं. ५९७० मध्ये लेमानिया या दुसऱ्या स्विस कंपनीच्या मशीनच्या पायावर घडवलेलं होतं. स्वतःचं मशीन ही जाहिरातीत मोठी गोष्ट. तरीही संग्राहक ५९७० ला वरचढ धरतात आणि तसे पैसे देतात. ती सात-आठ वर्षंच बनली, डायलची मांडणी जास्त डौलदार जमली, आणि ती संपलेली आहे. चालू मॉडेल उद्या आणखी बनू शकतं, संपलेलं नाही.

एफ. पी. जूर्न या स्वतंत्र घड्याळकारांचं उदाहरण याहून सरस. त्यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या नावाने सुरुवात केली तेव्हा मशीनच्या पट्ट्या पितळेच्या होत्या. २००४ पासून त्या गुलाबी सोन्याच्या केल्या. आज संग्राहक कशाच्या मागे आहेत? पितळेच्या. सोन्याहून पितळ महाग, आणि त्यात काही चूक नाही: पितळ म्हणजे तो माणूस अजून नाव कमवत होता तेव्हाचं काम.

आता मशीनचं. इथे मी नव्याच्या बाजूचा आहे आणि लपवत नाही. सध्याची बिनतारखेची सबमरीनर, मॉडेल १२४०६०, सप्टेंबर २०२० पासून बनते. ४१ मिलिमीटर, सिरॅमिक बेझेल जो ओरखडत नाही आणि ज्याचा रंग उडत नाही, पाण्यात ३०० मीटरपर्यंत टिकणारी, काढून ठेवलं तर सुमारे ७० तास चालतं, दिवसाला दोन सेकंद पुढेमागे, पाच वर्षांची हमी. ५५१३ म्हणजे प्लास्टिकची फुगीर काच, पोकळ दुव्यांचा खुळखुळणारा पट्टा, आणि मशीन मात्र दणकट, साधं, कुठल्याही चांगल्या घड्याळजीला समजणारं. डायलवर २०० मीटर लिहिलेलं असतं ते कारखान्यातून निघालं त्या दिवसाचं. पन्नास वर्षांनी मी ते घालून हात धुईन, पोहणार नाही. मुंबईच्या जुलैत तर कपाटात ठेवीन, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

खर्चाचंही जरा बघा. लिलावातले जे आकडे तुम्ही वाचता त्यात खरेदीदाराकडून घेतलेली दलाली धरलेली असते, बोलीच्या साधारण पाव भाग. विकणाऱ्याच्या हातात तेवढे पडत नाहीत. व्यापाऱ्याकडून घेऊन त्यालाच विकलंत तर मधलं अंतर तुम्ही भरता, जुन्यात ते नव्यापेक्षा मोठं. आणि २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे सरकारसाठी गोळा केलेला आगाऊ आयकर, वसूल करतो. तो आयकर भरताना वळता होतो, पण बिल पक्कं हवं. परदेशातून कुणी 'हातात घालून आणतो' म्हणालं तर नको म्हणा. बिनबिलाचं, सीमाशुल्क न भरलेलं घड्याळ विकताना तुमच्याच गळ्यात पडतं.

आता तुमचे फोटो.

सहाच्या आकड्याखाली, डायलच्या अगदी कडेला, बारीक अक्षरं बघा. सत्तरच्या दशकातल्या ट्रिटियमच्या डायलवर तिथे 'स्विस' या शब्दाबरोबर इंग्रजी 'टी' अक्षर आणि पंचविसाचा आकडा असतो. तुमच्या फोटोत नुसतंच 'स्विस' आहे. रेडियमच्या काळातही नुसतं 'स्विस' छापत, पण ही निस्तेज डायल पांढऱ्या अक्षरांची आहे, म्हणजे त्या काळातली नव्हे. ही १९९८ नंतरची, ल्युमिनोवाची, सर्व्हिसमध्ये बदललेली डायल आहे. कंपनीचीच, खोटी नाही. खुणा पांढऱ्या-हिरवट आहेत आणि काटे पिवळसर, म्हणजे काटे बहुधा मूळचे राहिले. बेझेलची चकती नवी आहे. लगांना आरपार जी भोकं असतात ती एका बाजूला कडेच्या फार जवळ आली आहेत, म्हणजे केस एकदा तरी चांगलीच बफवर गेलीय. माझ्यासारख्याच कुणाचं तरी काम. सहाच्या बाजूला, पट्ट्यामागे, दोन लगांच्या मधे सिरियल नंबर कोरलेला असतो. तो फोटो पाठवलेलाच नाही, आणि मागच्या झाकणाच्या आतला फोटोही नाही. हे दोन्ही पाहिल्याशिवाय 'सत्तरच्या दशकातली' हे त्या व्यापाऱ्यांचं म्हणणं आहे, एवढंच.

या स्थितीतलं घड्याळ रोज घालायला छान आहे. खरं सांगायचं तर मूळ डायलच्या घड्याळापेक्षा छान, कारण रात्री वेळ दिसेल आणि ओरखड्याची भीती नाही. पण त्याला मूळ डायलच्या घड्याळाचा भाव मागितला जातोय, ते मान्य करू नका. माझ्या हिशेबाने निदान एक तृतीयांश उतरायला हवं, आणि तरीही 'चढेल' या आशेने घेऊ नका.

तुम्ही रोज वापरणार आहात, जवळ जाणकार घड्याळजी आहे का ते लिहिलेलं नाही, आणि हे तुमचं पहिलंच मोठं घड्याळ. मी तुमच्या जागी असतो तर अधिकृत दुकानात जाऊन १२४०६० साठी नाव लिहिलं असतं आणि थांबलो असतो, यादीच्या वर एक रुपया न देता. थांबायची तयारी नसेल तर मधल्या पट्ट्याच्या टोकाचं सबमरीनर १४०६०एम बघा. २०१२ पर्यंत बनलेलं, ४० मिलिमीटर, जुन्या धाटणीची ॲल्युमिनियमची बेझेल पण नीलमणी काच आणि ३०० मीटर. पावसाळ्यात घालता येतं, आणि डायल बदललीय का हे समजायला वीस वर्षांचा अनुभव लागत नाही. डबा-कागदांसह, पॉलिश न केलेलं शोधा, आणि एखादं जास्त ओरखडलेलं मिळालं तर मोडता घालू नका.

५५१३ मनात बसलंच असेल, आणि तसं होतं, मला माहीत आहे, तर त्या व्यापाऱ्यांना भावाबद्दल काही बोलण्याआधी एकच विचारा: यातून काढलेली जुनी डायल कुठे आहे? कधीकधी मूळ मालकाने ती एखाद्या छोट्या पाकिटात, सर्व्हिसच्या पावतीबरोबर ठेवलेली असते आणि कुणी विचारत नाही म्हणून ती कपाटातच राहते. ती मिळाली तर तिचा फोटो पाठवा. पुढून आणि मागूनही.